हात बघायचे असतील तर टोकावड्याला या

प्रति,
औद्योगिक सुरक्षा, कामगार विमा आणि सार्वजनिक आरोग्य या खात्यांचे ठाणे जिल्ह्यातील जबाबदार अधिकारी, तसेच मुरबाड-शहापूर भागातील कारखानदार आणि मजूर पुरवणारे ठेकेदार यांस,



"दादा, अंगठा परत येईल असं काही औषध आहे का?"

टोकावड्याच्या नाक्यावर मी बरीच वर्षं औषधांचं दुकान चालवतो. या काउंटरवर लोकांनी काय काय मागितलं नाही! दारू सुटायचं औषध, पोरगा अभ्यासाला लागावा म्हणून टॉनिक, म्हातारीला झोप लागायची गोळी. अंगठा मात्र पहिल्यांदाच कोणी मागितला. गणपती बसायच्या आदल्या आठवड्यातली, रात्री आठच्या सुमाराची गोष्ट. पोरगा वैशाखऱ्याकडच्या एका पाड्यावरचा, पंचविशीच्या आतला, एका कारखान्यात ठेकेदाराकडून कामाला. त्याचं नाव, पाड्याचं नाव, कारखान्याचं नाव यातलं काहीही मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटच्या आत कोण घेणार?

रेशन दुकानातलं मशीन त्याचा अंगठा घेत नव्हतं. मग तर्जनी, मग मधलं बोट, असं करत दहाही बोटं लावून झाली. शेवटी बायकोला बोलावून तिच्या अंगठ्यावर धान्य उचललं. तिथलं निभावलं. पण कंपनीच्या गेटवरही हजेरीला अंगठाच लागतो, आणि तिथे बायकोचा चालत नाही. दोन दिवस घाम गाळून कागदावर गैरहजर राहिला, तेव्हा तो माझ्याकडे आला.

मी त्याला दोन्ही हात काउंटरवर ठेवायला सांगितले. दुकानातली ट्यूबलाइट फडफडत होती म्हणून मोबाइलची बॅटरी लावली. तळहात वाळलेल्या चामड्यासारखे जाड. पेरांवर आडव्या चिरा, त्यातल्या दोन-तीन ओल्या, लाल. बोटांच्या टोकांची कातडी मात्र उलटी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि चकचकीत, तिच्यावरच्या रेघा पुसून गेलेल्या. बेचक्यांत बारीक पाण्याचे फोड. आणि मनगटाशी बांगडी घालावी तशी एक सरळ कड. कडेच्या खाली सगळा आजार, वर कोवळी, निरोगी कातडी.

"हातमोजे घालतोस?"

"सकाळी देतात. दुपारपर्यंत फाटतात. फाटले तरी तेच."

"हात कशानं धुतोस?"

"थिनरनं. साबणानं ते निघत नाय."

'ते' म्हणजे काय, हे त्याला सांगता येईना. डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. मधासारखं पिवळं, चिकट. दोन डब्यांतलं एकत्र ढवळलं की गरम होतं आणि मग दगडासारखं घट्ट. माझ्या अर्धवट ज्ञानावरून मी म्हटलं, रेझिन आणि हार्डनर असावं. पण तो माझा तर्क झाला, तपास नव्हे. आणि साहेब, माझं म्हणणं एवढंच आहे की तो तपास कोणीतरी करायला हवा.

जाता जाता तो आणखी एक बोलला, आणि माझ्या मते त्याच्या आजारातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच होती. "लावणीला वीस दिवस घरी होतो तवा हात बरे झालेले. परत कामावर गेलो आणि चौथ्या दिवशी फुटले."

त्याला आधी एका दवाखान्यात सांगितलं होतं, पावसाळ्यातल्या चिखल्या आहेत. आता चिखल्या आम्हाला कोणी शिकवायला नकोत. भाताचा मुलूख आहे, आषाढात निम्म्या तालुक्याची बोटं कुजलेली असतात. पण गुडघाभर चिखलात वीस दिवस हात घालून जे हात बरे होतात आणि कंपनीच्या कोरड्या छपराखाली गेल्यावर पुन्हा फुटतात, त्यांचं दुखणं शेतातलं की कंपनीतलं, हे ओळखायला फार मोठी पदवी लागते असं मला वाटत नाही. हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता, एवढंच.

आमच्याकडे हे शास्त्र आजीला येत होतं. पोराच्या हाता-तोंडावर फोड उठले की ती आधी विचारायची, "रानात कुठे गेला होतास? बिब्ब्याला हात लावलास काय?" बिब्बा उतणं हा शब्द इथे अजूनही सगळ्यांच्या तोंडी आहे. आजीला हेही ठाऊक होतं की बिब्बा सगळ्यांना उतत नाही. एकाच झाडाखाली दोन भाऊ खेळतात, एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याचे डोळे सुजून बंद होतात. आणि एकदा ज्याला उतला त्याला पुढे नुसता स्पर्शही सोसत नाही. डॉक्टर लोक याला ॲलर्जिक संपर्कजन्य त्वचादाह म्हणतात, पण ज्ञान तेच. फरक इतकाच की आजी कुठे होतास, कशाला हात लावलास हे विचारायची आणि आम्ही शिकलेले लोक ट्यूब काढून देतो.

बिब्ब्याचा विषय निघालाच आहे तर एक गंमत सांगतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर मधूनच लहान लहान चट्टे उठायचे, खाजायचे, चिघळायचे. लष्करी डॉक्टरांनी चट्ट्याची जागा कपड्याशी ताडून पाहिली. चट्टा बरोबर तिथेच होता जिथे धोब्याने ओळखीची खूण घातली होती, आणि खुणेची शाई बिब्ब्याची. झाला उलगडा. १९४३ च्या सुमारास अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी या धोबीखुणेवर वैद्यकीय नियतकालिकात लिहिलंसुद्धा. त्वचेचा तपास असा असतो. अंगावर कुठे उठलंय ते बघायचं, त्या जागेला काय लागतं ते शोधायचं आणि त्या वस्तूचा माग काढत घाटावर, शाईवर, डब्यावर पोचायचं. त्या मनगटावरच्या कडेचं उदाहरण घ्या. ती हातमोज्याची कड होती. फाटक्या मोज्यातून रसायन आत शिरून दिवसभर हाताला चिकटून राहत असेल. किंवा रबर टिकावं म्हणून मोज्यात जी द्रव्यं घालतात तीच या पोराला सोसत नसतील. दोन्हींचा उपाय वेगळा. पहिल्यात मोजे वेळेवर बदलायचे, दुसऱ्यात मोज्याची जातच बदलायची. हे बघितल्याशिवाय 'मोजे घाला रे' असा फलक लावला तर दुसऱ्या प्रकारच्या माणसाला आपण आजारच वाटतोय.

इटलीत रामाझ्झिनी नावाचा एक डॉक्टर होऊन गेला. कामकऱ्यांच्या रोगांवरचं त्याचं पुस्तक १७०० सालचं. त्यात त्याने बरोबरीच्या डॉक्टरांना बजावलं आहे की रोग्याला जे विचारायचं त्यात एक प्रश्न वाढवा, तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. आमच्याकडे केसपेपरवर व्यवसायाचा रकाना असलाच तर त्यात 'मजूर' लिहिलं की डॉक्टर सुटले. अहो, मजूर म्हणजे काय? निकेलच्या टाकीत सांगाडे बुडवणारा मजूर, कूलंटच्या फवाऱ्यात कोपरापर्यंत भिजणारा मजूर, सिमेंटचे खांब साच्यातून काढणारा मजूर, काचतंतूंची चटई कापणारा मजूर. चौघांची खाज चार प्रकारची. कूलंटवाल्याला हातांवर आणि मांड्यांवर काळ्या टोकाच्या पुळ्या येतात, कारण तेलाने भिजलेली पँट दिवसभर मांडीला चिकटलेली असते. क्रोमच्या टाकीवाल्याच्या बोटाला खोल भोक पडतं आणि ते फारसं दुखत नाही, म्हणून तो कोणाला दाखवत नाही. कधी कधी नाकाच्या मधल्या पडद्यालाही भोक पडतं. काचतंतूवाल्याची खाज घरी कपड्यांबरोबर जाते आणि बायकापोरांनाही होते. मग घरातले सगळे खाजवतात म्हणून ती खरूज ठरते.

आता माझी कबुली. खरूज असो, नायटा असो, रेझिन असो, मी ट्यूबच दिली. गिऱ्हाईक नाव सांगत नाही, रंग सांगतं. पिवळी, हिरव्या पट्ट्याची, मागच्या वेळची. तिच्यात जोराचं स्टेरॉइड असतं, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. अंधारात गोळी मारल्यासारखं सगळ्यांवर एकच. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस पुन्हा कामावर जातो, पुन्हा तेच लागतं, पुन्हा ट्यूब. बुरशी असली तर स्टेरॉइडखाली ती मस्त पोसते, आणि कातडी पातळ होत जाते ती वेगळीच. लावायची स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून सरकारने २०१८ मध्ये त्यातली बरीचशी शेड्यूल एचमध्ये घातली. ते मला माहीत होतं. तरी मी विकली. 'मी नाही दिली तर समोरचा देईल' ही आमच्या धंद्यातली जुनी सबब आहे, तीही मी वापरली. त्या अंगठ्यानंतर बंद केलं. धंदा थोडा बसला, झोप थोडी बरी लागते. तुमच्याकडे बोट दाखवताना बाकीची बोटं कुणाकडे आहेत ते मला दिसतंय.

तपास कुठे करायचा, यावर मला जास्त बोलायचं आहे. कारण इथेच सगळं फसतं.

कातडीच्या तक्रारींची चौकशी म्हटलं की ती कारखान्यात जाऊन करायची, हे सगळ्यांना स्वाभाविक वाटतं. करावीच. वस्तू तिथे आहेत, टाक्या तिथे आहेत, हात धुवायची जागा तिथे आहे. पण माणसं तिथे नाहीत, साहेब. ज्याचे हात बिघडले तो कंपनीत राहतच नाही. तो वीटभट्टीवर जातो, पोल्ट्रीत लागतो, नाहीतर घरी बसतो. ठेकेदाराचा माणूस असला तर त्याला काढावंही लागत नाही, उद्यापासून गाडीत जागा नाही म्हटलं की झालं. मागे उरतात ते ज्यांची कातडी तगली. तुम्ही जाऊन ओळीने हात तपासलेत तर बहुतेक हात ठीक दिसतील आणि तुमचा अहवाल खोटाही नसेल. या फसगतीला रोगांच्या शास्त्रात नाव आहे, निरोगी कामगारांचा परिणाम. आंब्याच्या पेटीतले नासके आधीच काढून टाकायचे आणि मग पेटी उघडून दाखवायची, तसं ते आहे.

म्हणून म्हणतो, हात बघायचे असतील तर टोकावड्याला या. संध्याकाळी सातनंतर, जेव्हा मुरबाडकडून येणाऱ्या एसट्या आणि जीपगाड्या नाक्यावर रिकाम्या होतात. नाहीतर धसईच्या बाजाराला जा. शहापूरच्या बाजूला आसनगाव स्टेशनबाहेर उभे राहा. तिथे आज कामाला असलेले भेटतील, सुटलेले भेटतील, आणि परवापासून घरी बसलेल्याची आई भेटेल. गेटच्या आत मुकादमासमोर जो 'काही त्रास नाही साहेब' म्हणतो, तोच इथे बाही वर करून दाखवतो. नावं लिहून घ्यायची असतील तर ती तुमच्या कपाटाबाहेर जाणार नाहीत, याची आधी हमी द्या. अमेरिकेत १९७० च्या कायद्याखाली अशी सोय आहे. तीन कामगारांनी सही करून अर्ज केला की सरकारी संस्थेचे तज्ज्ञ कामाच्या जागी येऊन धोका तपासतात, आणि अर्जदारांनी सांगितलं तर त्यांची नावं मालकाला कळू देत नाहीत. तीन सह्या! आमच्याकडे एवढे मोर्चे निघतात, पण तीन सह्यांचा गुप्त अर्ज द्यायला कोणती खिडकी आहे ते कोणी सांगत नाही.

तपासाला यंत्रांची फार मोठी फौज लागत नाही. बुरशी आहे की नाही एवढं कळायला बोथट पात्याने कातडीचा कोंडा खरवडायचा, काचपट्टीवर घ्यायचा, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बुरशीचे धागे दिसले तर दिसले. आमच्या गावात ग्रामीण रुग्णालय आहे. मलेरियाचे आणि टीबीचे नमुने जिथे सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तिथे कातडीचा कोंडाही बघता येईल. निम्म्या लोकांची पंधरा-पंधरा दिवसांची नको ती गोळी वाचेल.

खरी अडचण पॅच टेस्टची आहे. कोणत्या द्रव्याची ॲलर्जी आहे हे पक्कं सांगणारी चाचणी तीच. निकेल, पोटॅशियम डायक्रोमेट, इपॉक्सी रेझिन, रबरातली द्रव्यं, गाजरगवत अशा संशयितांचे चिमूटभर नमुने बारीक वाट्यांत भरून पाठीवर चिकटवतात. दोन दिवसांनी काढतात आणि बघतात, आणखी दोन दिवसांनी पुन्हा बघतात. (गाजरगवत का, तर ते आमच्या बांधाबांधावर आहे आणि त्यानेही असाच त्वचादाह होतो. सगळं कंपनीच्या माथी मारायचं नसेल तर तेही तपासलंच पाहिजे.) म्हणजे सोमवारी लावली तर बुधवारी आणि शुक्रवारी पुन्हा जायचं. मधल्या काळात पाठ भिजवायची नाही, घाम आणायचा नाही, ओझं उचलायचं नाही. आता टोकावड्याहून हिशोब करा. एसटीने मुरबाड, मुरबाडहून कल्याण, मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणहून लोकलने मुंबईचं मोठं रुग्णालय. असं आठवड्यात तीनदा. तीन खाडे, तीनदा भाडं, आणि घाम न येऊ देता पोतं उचलायचं कसं, ते डॉक्टरांनीच सांगावं. म्हणून ही चाचणी आमच्यापैकी कोणाची होत नाही. आजार दुर्मीळ नाही, चाचणीच दूर आहे.

ती इकडे आणता येते. सगळ्या नमुन्यांच्या नळ्या एका डब्यात मावतात, ठेवायला फ्रिज लागतो, आणि फ्रिज लसींसाठी खेडोपाडी पोचलेला आहे. त्वचारोगतज्ज्ञ आठवड्यातून तीन दिवस टोकावड्याला आणि तीन दिवस शहापूरला बसले, हिवाळ्याचे दोन महिने, तर पुरे. हिवाळा अशासाठी की उन्हाळ्यात पट्ट्या घामाने गळून पडतात. त्या दिवसांची मजुरी कोण देणार, हे आधी ठरवा, नाहीतर शिबिराचा मांडव रिकामा राहील. सोबत मदतीला शीव येथील केंद्रीय श्रम संस्था आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे. दोन्हीकडे हेच काम शिकलेली माणसं आहेत.

आता कायद्याकडे येतो. मला वाटायचं की कायदाच नसेल. चौकशी केली तर कायदा चांगला जाडजूड निघाला. १९४८ च्या कारखाने अधिनियमात तिसरी अनुसूची होती, तिच्यात २९ रोग. त्यात क्रोमचे व्रण होते, खनिज तेलाच्या पुळ्या आणि त्वचादाह होता, कातडीचा कर्करोग होता, आणि रसायनं-रंगांच्या स्पर्शाने होणारा त्वचादाह तर स्पष्ट शब्दांत होता. यातला रोग झालेला कामगार आढळला तर कारखान्याच्या व्यवस्थापकाने कळवायचं. एवढंच नाही, कलम ८९ प्रमाणे त्याला तपासणाऱ्या डॉक्टरनेही विनाविलंब मुख्य निरीक्षकाला लेखी कळवायचं. काय कळवायचं? रोग्याचं नाव-पत्ता, कोणता रोग वाटतो ते, आणि कारखान्याचं नाव-पत्ता. कायद्याचा शब्द असा होता की रोग असल्याचं डॉक्टरला 'वाटलं' की पुरे. पुरावा नंतर, संशय आधी. डॉक्टरचा अहवाल खरा ठरला तर त्याला ठरावीक फी द्यायची आणि ती मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करायची, इतकी बारीक तरतूद जुन्या लोकांनी करून ठेवली होती. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, त्यात आणखी भर पडली. कामगार काय हाताळतो आणि त्यापासून धोका काय, हे मालकाने त्याला सांगितलंच पाहिजे. आणि इथे पोरगा म्हणतो 'मधासारखं पिवळं'.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याच्या जागी नवी श्रमसंहिता लागू झाली. कलमाचा आकडा ८९ चा १२ झाला, रोगांची यादी बदलली नाही, डॉक्टरवरचं बंधनही तसंच आहे. वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणीचं आश्वासन आहे, पण जाहिरात चाळिशीपुढच्या कामगारांसाठी झाली. माझ्या काउंटरवरचे हात वीस-पंचवीस वर्षांचे आहेत. चाळिशीपर्यंत ते या कामात टिकणार आहेत असं कोणी सांगितलं? शिवाय वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना म्हणायला १९४८ च्या मूळ कायद्यात १० माणसं पुरत, संहितेत ती २० आहेत. १२ जणांच्या प्लेटिंगच्या शेडमधला क्रोम काही २० जणांची वाट बघत थांबत नाही.

माझी डॉक्टर मंडळींना, म्हणजे माझ्या रोजच्या चहाच्या मित्रांनाही विनंती आहे. त्यातल्या दोघांना मी विचारलं, असा कागद कधी पाठवला का? एक हसला. दुसरा म्हणाला, कुठे पाठवायचा असतो? म्हणून अधिकारी साहेब, पहिलं काम तुमचं. एक पानाचा मराठी नमुना छापा, त्यावर तुमच्या कल्याणच्या कार्यालयाचा पत्ता छापा आणि मुरबाड-शहापूरच्या प्रत्येक दवाखान्यात, माझ्यासारख्या प्रत्येक मेडिकलमध्ये त्याचं पुडकं ठेवा. पोस्टाचं तिकीट मी लावतो.

ठेकेदार मंडळींना वेगळं काय सांगायचं? तुम्ही आमच्यातलेच, लग्नाकार्यात शेजारी जेवायला बसतो. एकच विचारतो. व्यावसायिक रोगाच्या भरपाईच्या यादीत रसायनांनी होणारे त्वचारोग ज्या भागात येतात, तिथे त्या कामावर सलग सहा महिने भरल्याची अट असते. तुम्ही पाचव्या महिन्याला 'ब्रेक' देता, तो या अटीमुळे की सवयीने?

कारखानदारांनो, तुमच्यावर मी सरसकट चिडलेलो नाही. तुमच्यामुळे या तालुक्यातली पोरं घरी राहून कमावतात, नाहीतर ती भिवंडी-कल्याणच्या झोपड्यांत असती. पण सगळं खर्चिकच असतं असं नाही. डेन्मार्कचं सिमेंट बघा. गवंड्यांच्या हातांचा त्वचादाह सिमेंटमधल्या क्रोममुळे होतो हे कळल्यावर तिथे १९८१ पासून सिमेंटमध्ये थोडं फेरस सल्फेट मिसळायला लागले, क्रोमचा घातक प्रकार निघून गेला, आणि ॲलर्जीचे नवे रोगी कमी झाले. पुढे २००५ पासून सगळ्या युरोपीय संघाने तसा नियम केला. गवंड्याला कोणी व्याख्यान दिलं नाही, पोतंच सुधारलं. तुमच्याकडेही थिनरच्या जागी हात धुवायची साधी पेस्ट ठेवता येते. सोमवारी सकाळी कूलंटला कुजका वास मारत असेल तर ते बदलायचं असतं, त्यात अत्तर ओतायचं नसतं. आणि नळ. तानसा आणि भातसा शहापुरातली, त्यांचं पाणी मुंबईच्या बाथरूमपर्यंत जातं. जेवणाच्या सुट्टीत हात धुवायला चार नळ आणि साबण आमच्या पोरांनाही मिळावा.

तो पोरगा दिवाळीनंतर कामावर गेलेला नाही. हात पुष्कळ बरे आहेत, चिरा भरल्या, बेचक्यांतले फोड गेले. परवा दुकानात आला होता. रेशनच्या मशीनने अंगठा घेतला हे सांगायला मुद्दाम आला होता. आता भावाला त्याच जागेवर लावलंय म्हणाला, घरात एकाचा तरी पगार पाहिजे. भाऊ एकोणीस वर्षांचा आहे. त्याचे हात मी बघितले, अजून काही नाही.

हे पत्र कोणाच्या टेबलावर पोचलं आणि कोणाला यावंसं वाटलं तर माझं दुकान रात्री साडेनऊपर्यंत उघडं असतं. बाकड्यावर चार माणसं बसतील. ट्यूबलाइटचा चोक बदलून घेतलाय, आता बॅटरी लावावी लागत नाही.

आपला,
टोकावडे नाक्यावरचा एक औषधविक्रेता